दोन वस्त्या, एक मैदान: स्पर्धा बंद करावी की पोरांच्या हाती द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एक जुनी वस्ती, तिला लागून गेल्या काही वर्षांत येऊन स्थिरावलेली दुसरी. भाषा वेगळी, धर्म वेगळा, मैदान मात्र एकच. मनं जुळावीत म्हणून तुम्ही दरवर्षी फुटबॉलची स्पर्धा भरवता. अंतिम सामना बहुतेक वेळा या वस्तीचा संघ विरुद्ध त्या वस्तीचा संघ असाच होतो आणि यंदा तो हाणामारीवर गेला. आता मोठी माणसं म्हणतात, बंद करा हे. पोरं म्हणतात, आमच्याकडे द्या, आम्ही बघतो. आणि तुम्ही शेवटी विचारलंय, की खेळाने माणसं जवळ येतात हे खोटंच आहे का?

खोटं नाही, अर्धवट आहे. खेळाने माणसं जवळ येतात तशी लांबही जातात. कोण कोणाच्या बाजूने खेळतो त्यावर ते ठरतं. मी तरुणांसोबत मैदानावर हेच काम बरीच वर्षं करते आहे, आणि कोणी नवीन ठिकाणी बोलावलं की मी सामना बघायच्या आधी संघांच्या याद्या मागते. तुमच्या प्रश्नात 'बंद की चालू' आणि 'मोठे की पोरं' असे दोन पेच आहेत, पण त्यांच्याही आधीचा पेच तुम्ही सहज एका ओळीत लिहून पुढे गेलात: संघ वस्तीवार आहेत. म्हणजे मनात जी फूट होती तिला तुम्ही जर्सी दिली, झेंडा दिला, वर प्रेक्षकही बोलावले. नव्वद मिनिटं 'आपले' आणि 'त्यांचे' असं ओरडून झाल्यावर शेवटी हस्तांदोलनाने ते पुसलं जाईल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

हे फक्त माझं मत नाही. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटचा एक प्रयोग केला, त्याचा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. महिना-महिना चालणाऱ्या आठ लीग. काही तरुण त्यांत खेळले, काहींना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र, आणि कोणी कुठे जायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं निव्वळ योगायोगावर सोडलेलं. मिश्र संघांत एकत्र खेळलेल्यांची दुसऱ्या जातींतल्या मुलांशी मैत्री वाढली, आपल्याच जातीला झुकतं माप देणं कमी झालं. पण ज्यांची गाठ दुसऱ्या जातीच्या मुलांशी फक्त प्रतिस्पर्धी म्हणून पडली, त्यांच्यात जातीबाहेरचं मिसळणं साधारणपणे कमीच झालं. खेळ तोच, मैदान तेच, परिणाम उलटा. एकूण हिशेब मात्र चांगल्या बाजूला झुकला, म्हणून मी 'बंद करा' म्हणणाऱ्यांच्या बाजूने नाही.

त्याहून जुना आणि बराच गाजलेला प्रयोग मुझफ्फर शेरीफ यांचा. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात त्यांनी अकरा-बारा वर्षांची २२ मुलं आणली. सारख्याच घरांतली, सारख्याच धर्माची, एकमेकांना अनोळखी. दोन गट केले, त्यांच्यात बेसबॉल आणि रस्सीखेचीच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी घालणं इथवर मजल गेली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही फरक पडला नाही, उलट जेवताना फेकाफेक झाली. फरक पडला तो पाण्याचा पुरवठा बंद पडल्यावर आणि सगळ्यांनी मिळून तो दुरुस्त केल्यावर, अडलेला ट्रक दोन्ही गटांनी मिळून ओढल्यावर. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली, की भांडण पेटावं म्हणून मोठ्यांनीच बरंच तेल ओतलं. टीका रास्त आहे. पण आपल्या कामासाठी त्या टीकेतूनही शिकण्यासारखं आहे: मुलांच्या स्पर्धेत भडका उडतो तेव्हा बाजूला कोणीतरी मोठं माणूस असतंच.

त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की दोन गट नुसते समोरासमोर आले म्हणून पूर्वग्रह जात नाहीत, त्याला परिस्थितीची साथ लागते. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि वरच्या माणसांचा उघड पाठिंबा हवा. आता तुमची स्पर्धा या चार अटींना लावून बघा. मैदान जुन्या वस्तीच्या हद्दीत, पंच तिथले, वेळापत्रक तिथे ठरतं, म्हणजे नवी वस्ती पाहुणी. उद्दिष्ट एक नाही, एकाने जिंकायचं तर दुसऱ्याने हरायचं. एकमेकांची मदत कुठेच लागत नाही. आणि मोठी माणसं? ती टाळ्या वाजवतात, पण आपापल्या बाजूने. चारांपैकी एकही अट पुरी होत नाही. तरी एवढी वर्षं हाणामारी झाली नाही, याचं श्रेय मी तुमच्या पोरांना देईन.

म्हणून पहिलं काम संघ मोडण्याचं. यात घाई केली तर पोरं पळतात, हे आधीच सांगून ठेवते. माझी पद्धत अशी आहे. नाव नोंदवायला येणाऱ्याने एकट्याने नाव द्यायचं नाही, एक जोडीदार घेऊन यायचं. जोडी फोडायची नाही. अनोळखी संघात जाताना एक ओळखीचा चेहरा सोबत असला की मुलगा टिकतो, एकटा पडला की तिसऱ्या आठवड्यापासून त्याचे पाय दुखायला लागतात. मग दोन-तीन सरावांत सगळ्यांचा खेळ बघून जोड्यांचे ढोबळ तीन स्तर करायचे: मुरलेले, बरे, नवखे. प्रत्येक स्तरातून आणि प्रत्येक वस्तीतून चिठ्ठ्या काढून संघ भरायचे. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, आणि काढायला दोन्ही वस्त्यांतली लहान मुलं.

हल्ली खेळाडूंचा लिलाव करायची टूम निघाली आहे. मला ती मुलांच्या बाबतीत अजिबात मान्य नाही. शेवटी उरलेल्या मुलाला आपली किंमत सगळ्यांसमोर कळते, आणि तो मुलगा कमी संख्येच्या वस्तीतला असला की त्याचा अर्थ घरी जाऊन वेगळाच लावला जातो. संघनायकांनी आळीपाळीने खेळाडू निवडणं हेही त्यातलंच.

संख्येचं एक पथ्य पाळा. कुठल्याही संघात एका वस्तीची एकच जोडी नको, निदान दोन तरी हव्यात. दोनच मुलं असली की ती कोपऱ्यात आपापसांत बोलतात आणि संघात कधी मिसळतच नाहीत. चार असली की थोडी विखुरतात. नव्या वस्तीतून मुलं कमी येत असतील तर संघ कमी करा, मुलं पातळ करून सगळीकडे वाटू नका. अकराजणांचा फुटबॉल सोडून पाच-पाचांचा खेळ घ्या. लहान मैदानावर प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो, लपायला जागा नसते, आणि चांगल्या खेळाडूला दुसऱ्याकडे चेंडू दिल्याशिवाय भागत नाही. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर, आणि नोंदवलेल्या प्रत्येकाने किमान अर्धा सामना खेळलाच पाहिजे. हा नियम मोडला तर गुण कापायचे. बाकावर बसवलेला मुलगा मिश्र संघात असूनही मिश्र होत नाही.

खेळ कोणता घ्यावा, हेही विचारलंत. फुटबॉल दोन्हीकडे खेळला जात असेल तर बदलू नका, ओढ तिथेच आहे. पण एक वस्ती लहानपणापासून खेळते आणि दुसरी नुकती शिकतेय असं असेल, तर सोबत एखादा असा खेळ ठेवा जो दोघांनाही नवा आहे. सगळेच धडपडतात तेव्हा दर्जा आपोआप बरोबरीचा होतो. मी त्यासाठी अल्टिमेट वापरते, म्हणजे चेंडूऐवजी प्लास्टिकची उडती चकती (फ्लाइंग डिस्क) एकमेकांकडे फेकत दोन संघांनी खेळायचा खेळ, त्याला आणखीही एक कारण आहे, ते पुढे सांगते.

दुसरं, एका दिवसाची किंवा एका आठवड्याची बाद फेरी सोडा. बाद फेरीत अर्धे संघ पहिल्याच दिवशी घरी जातात. ज्यांना मिसळायला सगळ्यात जास्त वेळ हवा, तेच सगळ्यात आधी बाहेर. साखळी सामने ठेवा, आठवड्याला एक, निदान दोन-तीन महिने. संघ हंगामभर तोच. पहिले दोन-तीन आठवडे काहीच घडत नाही असं वाटेल, संघात दोन टोळकी दिसतील. मग एखादा सामना हरतात, हरल्याचा दोष कोणाचा यावर भांडतात, आणि ते भांडण वस्तीवार नसतं, बचावफळी विरुद्ध आघाडी असं असतं. मला ते भांडण बघून बरं वाटतं. नवी फळी पडली म्हणजे जुनी थोडी सैल झाली.

बक्षिसाबद्दल एवढंच सांगते: रोख रक्कम नको. रक्कम आली की बाहेरचे खेळाडू येतात, मागून पैसे लावणारे येतात आणि पंचावर दबाव येतो. चषक छोटा, आणि हंगामाअखेर सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी, म्हणजे जाळ्या, चेंडू, मैदानाचे दिवे.

आता पोरांच्या मागणीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा मला तिथे वाटतो. 'आमच्याकडे द्या' म्हणतात तेव्हा त्यांना काय हवंय हे नीट विचारा. बहुतेक ठिकाणी तरुणांच्या नावाने चाललेल्या स्पर्धेत तरुण खुर्च्या मांडतात, रेषा आखतात, पाणी देतात आणि भाषणाच्या वेळी मागे उभे राहतात. निर्णय आधीच झालेले असतात. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही, कारण तिथे मुलं वापरली जातात, शोभेला ठेवली जातात किंवा नावापुरती बसवली जातात. बऱ्याच जणांना वाटतं की सगळ्यात वरची पायरी म्हणजे मोठे पूर्ण बाजूला. तसं नाही. हार्ट यांच्या शिडीत सगळ्यात वर आहे ती मुलांनी सुरू केलेली आणि मोठ्यांसोबत मिळून निर्णय घेतलेली गोष्ट. मुलांनी एकट्याने चालवणं ही त्याच्या खालची पायरी आहे.

माझ्या कामात मी हे असं वाटते. पोरांच्या हाती: नियम, वेळापत्रक, संघांच्या चिठ्ठ्या, पंच नेमणं, वाद मिटवणं आणि पैसा. हो, पैसाही. छोटा असला तरी खरा. दोन सह्या, एक या वस्तीतली, एक त्या वस्तीतली, आणि जमाखर्च दर आठवड्याला मैदानावर लावलेला. दोघांच्या सहीशिवाय चेंडू विकत येत नाही, म्हणजे दोघांना भेटावंच लागतं, बोलावंच लागतं. शेरीफच्या मुलांना जसा ट्रक एकट्या गटाने ओढवेना, तसंच हे, फक्त आपण ती अडचण मुद्दाम कामात पेरून ठेवायची. रेषा आखणारा एकीकडचा असेल तर चुन्याची पोती दुसरीकडच्या घरात ठेवा.

मोठ्यांकडे राहतं ते तीन गोष्टींपुरतं. लहान मुलांची सुरक्षितता, म्हणजे सोळा-अठराची पोरं दहा-बाराच्या मुलांना शिकवत असतील तर जबाबदार मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवंच, आणि मुलाला तक्रार करायला पोरांच्या समितीबाहेरची एक व्यक्ती ठाऊक हवी. दुसरं, दुखापत आणि दवाखाना. तिसरं, बाहेरचा दबाव. स्थानिक पुढारी बॅनर लावायला आला की त्याला नाही म्हणायचं काम सतरा वर्षांच्या मुलीवर टाकू नका, ते तुमचं. यापलीकडे मोठ्यांनी तोंड बंद ठेवायचं, आणि खरं सांगते, हेच सगळ्यात कठीण जातं. पोरांनी वेळापत्रक चुकवलं, एकाच वेळी दोन सामने लागले, की आपला हात आपोआप पुढे जातो. जाऊ देऊ नका. गोंधळ होऊ द्या, दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांना विचारा की आता काय करायचं.

वाद मिटवण्याची रीत मात्र हंगामाआधी पक्की हवी, कारण तुमच्याकडे एकदा रक्त निघालंय. इथे दोन नमुने माझ्या फार उपयोगी पडले आहेत. एक कोलंबियातला. १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच गोलात चेंडू गेल्यानंतर आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची मेदेयीन शहरात हत्या झाली. त्यानंतर काही वर्षांत त्याच शहरात युर्गेन ग्रीसबेक यांनी 'शांततेसाठी फुटबॉल' सुरू केला. मुलं-मुली एकाच संघात. पंच नाही, मध्यस्थ असतो. सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून एकमेकांच्या वागण्याला गुण देतात. सुरुवातीच्या काळात पहिला गोल मुलीने केल्याशिवाय मुलांचे गोल धरत नसत. पुढे ही पद्धत 'फुटबॉल थ्री' या नावाने बऱ्याच देशांत पोचली, तीन टप्पे म्हणून थ्री.

दुसरा नमुना अल्टिमेटचा. तिथे मोठ्या पातळीवरही खेळाडूच फाउल सांगतात आणि आपापसांत मिटवतात. सामना संपल्यावर प्रतिस्पर्ध्यांना पाच बाबींवर शून्य ते चार असे गुण देतात: नियमांची जाण, अंगाला अंग लागणं, न्यायबुद्धी, स्वतःवरचा ताबा आणि बोलण्याची रीत. मी त्यातल्या पाचही घेत नाही, लहान मुलांना तीन पुरतात. पण गुण गुणतक्त्यात धरायचेच, वेगळं 'सभ्य संघ' पारितोषिक नको. वेगळं पारितोषिक म्हणजे हरलेल्या संघाची समजूत, मुलांना ते लगेच कळतं.

पंच काढूनच टाका असं मी तुम्हाला सांगणार नाही, निदान पहिल्या हंगामात. ताजी मारामारी झालेल्या ठिकाणी शिट्टी हवी. दोन पंच ठेवा, दोन्हीकडचे, वयाने खेळाडूंपेक्षा थोडे मोठे. तीन-चार जणांची मिश्र वादसमिती ठेवा आणि एक कडक नियम करा: सामन्याच्या दिवशी कोणत्याही वादाचा निकाल नाही. पेटलं तर सामना थांबवायचा, सगळ्यांनी घरी जायचं, तक्रार लेखी, दुसऱ्या दिवशी. रात्रभरात निम्म्या तक्रारी लिहायचा कंटाळा येऊनच मिटतात. उरलेल्यांचा निकाल समितीने द्यायचा, तुम्ही नाही. चुकीचा वाटला तरी.

मैदानाबाहेरची माणसं हा वेगळाच विषय आहे. माझ्या पाहण्यात भांडण आतल्या खेळाडूंनी पेटवलंय त्यापेक्षा रेषेबाहेरून पेटलेलं जास्त असतं. काका, मोठे भाऊ, पाठीराखे. संघ मिश्र केले की इथेही फरक पडतो, कारण त्या वस्तीतल्या बापाला आपल्या मुलाला दाद द्यायची तर या वस्तीतल्या मुलाने दिलेल्या पासलाही दाद द्यावी लागते. एक बारकी युक्ती: दोन्ही संघांच्या प्रेक्षकांना मैदानाच्या दोन बाजूंना बसवू नका, एकाच बाजूला बसवा. समोरच्या बाजूला कोणी नसलं की आरडाओरड कोणाकडे बघून करायची, हेच कळत नाही.

मुलींबद्दल तुमच्या प्रश्नात अक्षरही नाही, म्हणून मीच विचारते. त्या कुठे आहेत? दोन वस्त्यांतली फक्त मुलं एकत्र आली तर निम्मी वस्ती घरातच राहिली. पण पहिल्या दिवसापासून मिश्र संघ लादू नका, विशेषतः जिथे घरून विरोध आहे तिथे. आधी त्यांची वेगळी वेळ, उजेड असतानाची, येण्या-जाण्याची सोबत ठरलेली, कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छतागृह. या साध्या गोष्टी नसल्या की 'मुलींना आवड नाही' असा निष्कर्ष निघतो. समितीत आणि पंचांत मात्र मुली पहिल्या दिवसापासून हव्यात. शिट्टी मुलीच्या हातात असली की मैदानावरची भाषा किती लवकर सुधारते, ते बघाच.

आता थोडं थंड पाणी ओतते. समजा हे सगळं जमलं, संघ घट्ट झाले. म्हणून वस्त्या जवळ येतील का? सल्मा मौसा यांनी इराकमध्ये केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. इस्लामिक स्टेटमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल लीगमध्ये काही संघ पूर्ण ख्रिस्ती ठेवले, काहींत मुस्लिम खेळाडू घातले. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव द्यायला जास्त तयार होते, दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला चांगल्या वागणुकीचं पारितोषिक मिळावं म्हणून मत देत होते, आणि सहा महिन्यांनीही मुस्लिमांसोबत सराव करत होते. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांच्या बाबतीत, म्हणजे मिश्र समारंभाला जाणं किंवा मुस्लिमबहुल मोसुलमधल्या खाणावळीत जाणं, यांत असा ठोस फरक दिसला नाही. मैदानावर भरवसा तयार झाला आणि बराचसा मैदानावरच राहिला.

हा निष्कर्ष मला निराश करणारा वाटत नाही, पण तो कामाची दिशा ठरवतो. मैदानातून वस्तीत जायचा रस्ता आपोआप तयार होत नाही, तो आखावा लागतो. केनियात नैरोबीतल्या माथारे झोपडपट्टीत १९८७ साली सुरू झालेल्या युवा क्रीडा संघटनेने तो फार हुशारीने आखला. तिथल्या लीगमध्ये संघांना सामन्यांसोबत वस्तीतल्या साफसफाईचेही गुण गुणतक्त्यात मिळतात. म्हणजे नाल्यातला गाळ काढल्याशिवाय अव्वल येणं अवघड. शिकवणं, पंचगिरी, आयोजन ही कामं तिथले तरुणच करतात आणि त्या कामासाठी त्यांना शिक्षणाची मदतही मिळते. तुम्ही यातलं काय उचलाल ते तुमच्या वस्त्यांच्या अडचणींवर आहे. काम मात्र असं निवडा ज्याचा फायदा दोन्हीकडे जातो आणि जे करताना मिश्र संघ एकमेकांच्या गल्लीत शिरतो. एकदा मुलगा दुसऱ्या वस्तीत झाडू घेऊन उभा राहिला, तिथल्या आज्जीने त्याला नाव विचारलं, की पुढच्या वेळी तो तिथून जाताना परका नसतो.

काही गोष्टी मला इथून ठरवता येत नाहीत. मारामारीत कोणाला गंभीर इजा झाली का, पोलिसांत तक्रार आहे का, यावर सुरुवात कधी करायची ते अवलंबून आहे. प्रकरण ताजं असेल तर मिश्र संघ आत्ता नको. आधी दोन्हीकडच्या मोठ्यांमधलं ते मिटू द्या, तोवर दोन वस्त्यांतल्या दहा-बारा पोरांना एकत्र पंचगिरीचं प्रशिक्षण द्या. खेळाडू म्हणून समोर न येता ती एकाच बाजूची होतात, आणि पुढच्या हंगामाची समिती त्यांतूनच निघते. आणि वस्त्यांमधली तेढ जागेवरून, पाण्यावरून किंवा नव्या लोकांना काम न देण्यावरून असेल तर फुटबॉलने ती सुटणार नाही. अशा ठिकाणी 'आम्ही मिळून खेळतो ना' हे वाक्य अन्याय झाकायला वापरलं जातं आणि ते नव्या वस्तीला बरोबर ओळखू येतं. खेळ त्या प्रश्नावर एकत्र बसणारी माणसं देऊ शकतो, त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही.

उपयोग होतोय की नाही, हे कसं ओळखायचं? फोटोंवरून नाही. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाला कागदावर तीन प्रश्न विचारा: सायकल बंद पडली तर कोणाला हाक मारशील, घरी कोणाला नेशील, संघनायक कोण व्हावा. नावं लिहायची, कागद कोणाला दाखवायचे नाहीत. हंगाम संपल्यावर तेच पुन्हा. दुसऱ्या वस्तीतली नावं किती वाढली, ते मोजा. सोबत हजेरी बघा, पण वस्तीवार बघा. एकूण हजेरी चांगली दिसते आणि नव्या वस्तीतली मुलं हळूहळू गळत असतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. गळालेल्या मुलाच्या घरी त्याच्या संघातल्या दोघांनी जायचं, तुम्ही नाही. आणि सामना नसलेल्या संध्याकाळी मैदानावर एक चक्कर मारा. कोणी न बोलावता जे टोळकं खेळत असतं त्यात कोण कोण आहे, ते बघून या.

शेवटचं, पोरं टिकत नाहीत. शिक्षण, नोकरी, लग्न, दोन-तीन वर्षांत समिती रिकामी होते आणि सगळं पुन्हा मोठ्यांच्या अंगावर येतं. म्हणून प्रत्येक कामाला दोन माणसं, एक मोठं, एक दोन-तीन वर्षांनी लहान, आणि शक्यतो दोन वस्त्यांतली. वेळापत्रक लावणारा या वस्तीतला असेल तर त्याच्या हाताखाली शिकणारी त्या वस्तीतली.

पुढच्या हंगामाला अजून वेळ आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मारामारीचं प्रकरण निवळलं असेल तर येत्या आठवड्यात दोन्हीकडची आठ-दहा पोरं बोलवा, हा सगळा पसारा त्यांना सांगू नका, फक्त एवढंच विचारा: पुन्हा वस्तीवार संघ केले तर अंतिम सामन्यात काय होईल? ती काय म्हणाली ते मला लिहा, आणि मैदान नक्की कोणाच्या ताब्यात आहे तेही. त्यावर सामने कुठे ठेवायचे ते ठरवता येईल.